सूनबाईंची विजेवरची पिकअप

ही हकीकत सांगायची मी काही वर्षं टाळली. टपरीवर तिचा विषय निघाला की मी चहा घाईघाईने संपवून उठायचो. सगळे तिला विजयाची गोष्ट म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. फक्त तिच्यात एक खोटं वाक्य आहे, आणि ते माझं आहे.

नागपुरातल्या काटोल नाक्याजवळच्या एका टपरीवर आम्ही चार म्हातारे दर रविवारी सकाळी जमतो. बायका, मुलं, गुडघे, राजकारण यांपैकी काहीही आमच्यात चालत नाही. विषय एकच, गाड्या. आमच्यातला एकजण कोराडीला कोळशाचे ट्रक चालवणारा ट्रान्सपोर्टर. ट्रक आता मुलाकडे गेले, पण एक डिझेल पिकअप त्याने स्वतःसाठी ठेवली आहे आणि रविवारी ती धुऊन-पुसून आणतो. दुसरा बँकेतून निवृत्त झालेला, लेकाने घेऊन दिलेल्या विजेच्या कारमधून फिरणारा. तिसरा माझा शाळेपासूनचा मित्र, काटोलच्या पुढे संत्र्याची बाग असलेला. आणि मी बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेला फोरमन, म्हणून आपोआप न्यायाधीश.

"पिकअप कशी पाहिजे," ट्रान्सपोर्टर सुरू करायचा, "मागं टनभर माल टाकला तरी स्प्रिंगचे पाटे कुरकुर नाही करत. अन् बंद पडली तर सावनेरचा कोणताही मेकॅनिक झाडाखाली खोलून देते. तुही बॅटरी कोण खोलते गा?"

"खोलाचं कामच काहून पडन?" बँकवाला म्हणायचा. "तुह्या गाडीत क्लच जाते, बेल्ट जाते, इंजेक्टर जाते. माह्या गाडीत काय जाते?"

"तू जातं. चार्जिंगच्या रांगेत. घरून डबा घेऊन."

मग दोघे माझ्याकडे पाहायचे. मी बशीत चहा ओतायचो, थोडा वेळ घ्यायचो आणि निकाल डिझेलच्या बाजूने द्यायचो. खरं सांगायचं तर विजेवरची मालगाडी तोपर्यंत मी चालवलीच नव्हती.

बागवाल्या मित्राची जुनी पिकअप मोडीत निघाली तेव्हा त्याच्या सुनेने विजेवरची घ्यायचा हट्ट धरला. मुलगा बागेचं पाहायचा. माल बाजारात नेणं-आणणं हे खातं सुनेचं होतं आणि गाडी ती स्वतः चालवायची. सासरे कबूल झाले, पण एका अटीवर. आंबिया बहाराचा, हिवाळ्याच्या तोंडी येणारा माल या गाडीने नीट निघाला तर ठेवायची, नाही तर विकून पुन्हा डिझेल आणायची आणि त्यावर पगारी ड्रायव्हर ठेवायचा. म्हणजे गाडी गेली की सुनेच्या हातचं स्टिअरिंगही जाणार होतं.

टपरीवर हे कळल्यावर ट्रान्सपोर्टर गप्प बसणं शक्यच नव्हतं. "एकाच दिवशी दोनी गाड्या काढू," तो म्हणाला. "सारखे क्रेट. बागेतून नागपूरले कळमन्याच्या मंडीत जायचं, माल उतरवायचा, खाली क्रेट घेऊन वापस यायचं. मधात चार्जिंग नाही." विजेची गाडी कोण चालवणार यावर चर्चासुद्धा झाली नाही. जाणकार माणूस पाहिजे, म्हणून मी.

त्या सकाळी सुनेने किल्ली माझ्या हातात दिली. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि त्यांच्या मित्राला काकाजी. ती म्हणाली, "काकाजी, एकच सांगते. उतारावर न्यूट्रल नका करू. पाय फक्त काढून घ्या. गाडी आपोआप धरते अन् तेवढी बॅटरी भरते."

"हव, हव," मी म्हणालो. मी बसलो तेव्हा समोरच्या पडद्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली दिसत होती. मी ती पाहिली. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

काटोलकडून नागपूरला येताना रस्ता चढ-उतार करत एकूण खालीच येतो. डिझेल चालवलेल्या माणसाला उतार दिसला की त्याचा हात न्यूट्रलकडे जातो. गाडी सोडून द्यायची, तेवढंच डिझेल वाचतं. आम्ही नव्या ड्रायव्हरांना हे रागावून सोडवायचो आणि स्वतः करायचो. त्या दिवशी प्रत्येक उतारावर मी तेच केलं. पहिल्या उतारावर तिचं सांगणं आठवलं होतं. मनात म्हणालो, हिच्या वयापेक्षा जास्त वर्षं मी गाड्या उतरवतो आहे. शिवाय डिझेलच्या पुढे राहायचं म्हणून पाय दाबून ठेवला होता. जाताना पूर्ण भरलेला माल घेऊन उतरताना गाडीने जे कमवायला हवं होतं ते मी सगळं वाऱ्यावर सोडलं. परतीचा रस्ता चढाचा. बागेच्या अलीकडच्या शेवटच्या चढावर गाडी कासवासारखी झाली आणि मग थांबली.

मागून डिझेल आली, तिच्यात बागवाला मित्रही होता. ट्रान्सपोर्टर उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "टोचन आणा रे." दोर बांधेपर्यंत फोन गेल्यामुळे सून बागेतून स्कूटरवर पोचली होती.

"चार्जिंगचा प्लग निसटला असन रात्री," ट्रान्सपोर्टर म्हणाला. "लाइट जाते, येते. पाहाले पाहिजे होतं, बाई."

"मी सकाळी पाहून काढला," ती म्हणाली. "पुरी भरली होती." मग माझ्याकडे वळली. "काकाजी, तुम्ही बसले तेव्हा किती दाखवत होती?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. टपरीवर पाहायचे तसेच, निकालासाठी.

"लक्ष नाही गेलं, बाई," मी म्हणालो.

तिचे सासरे वाकून दोर घट्ट आहे का ते पाहत राहिले.

त्या हंगामातला उरलेला माल भाड्याच्या डिझेलने गेला. गाडीला गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं. सून सासऱ्यांना एवढंच म्हणाली, "मामाजी, मृगाच्या बहाराला एक फेरी मले करू द्या. मंग विका." मित्राने टपरीवर येऊन हे सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या बाजूने बोललो. बोललो म्हणजे काय, फेरी होऊ द्या म्हणालो. खरं बोलणं त्यापेक्षा सोपं होतं, पण ते जमलं नाही.

आणि आता ती फेरी. आयुष्यात मी पुष्कळ गाड्या पाहिल्या, पण त्या दिवसाइतका आनंद मला कोणत्याही गाडीने दिला नाही.

पंच म्हणून मला तिच्या शेजारी बसवलं होतं. तिचे सासरे ट्रान्सपोर्टरच्या पिकअपमध्ये. मागे मृग बहाराची, उन्हाळ्याच्या तोंडी उतरलेली संत्री, गच्च क्रेट, वर हिरवी जाळी. ट्रान्सपोर्टरने चावी फिरवली आणि त्याची गाडी थरथरून, धूर सोडून, बागेतले सगळे पक्षी उडवून जागी झाली. आमची गाडी निघाली ते मला झाडं मागे सरकायला लागली तेव्हा कळलं.

पहिलं गाव येईपर्यंत डिझेल आमच्या खूप पुढे गेली. "जाऊ द्या," ती म्हणाली. "मंडी पळून नाही जात." पहिला उतार आला. माझ्या डाव्या हाताची बोटं गिअर धरल्यासारखी मांडीवरच आवळली गेली. तिने पाय काढून घेतला, बस्स. गाडीने हलकेच लगाम खेचल्यासारखा वेग धरला, मागचे क्रेट पुढे कलंडले नाहीत, आणि पडद्यावरचा आकडा, जो माझ्या फेरीत दिवसभर घसरतच होता, एकाने वर गेला. पुढच्या उतारावर पुन्हा. तिने लहान मुलाला उभं राहता आल्यावर म्हणावं तसं म्हटलं, "हे पाहा! हे पाहा, काकाजी!"

एवढा माल घेऊन गाडी उतारावरून स्वतःचं पोट भरत चालली होती. मोटारीच्या कामात जन्म गेला, ब्रेकचे घासलेले लायनर मी पोतं पोतं भंगारात टाकले, आणि त्यात जळून गेलेली ताकद कोणी परत गोळा करू शकेल हे मला कधी सुचलं नव्हतं. लाजेपेक्षाही मला त्या वेळी गंमत वाटली हे कबूल करतो. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकं पाहिली.

मंडीत माल उतरला तेव्हा ओळखीच्या अडत्याने वरचे क्रेट उघडले आणि विचारलं, "आज माल दबला नाही दिसत?" सून म्हणाली, "गाडी कमी नाचते, भाऊ." ट्रान्सपोर्टर शेजारीच होता. त्याने तोंडातला खर्रा बाजूला जाऊन थुंकला, एवढाच काय तो त्याचा अभिप्राय.

परतीला ती घाईत नव्हती. चढ आले तसे तिने ते हळूहळू घेतले, मध्ये मला एक संत्रं सोलून द्यायला लावलं. मग तो शेवटचा चढ आला. आकडा अजून चांगला होता, तरी मी पडद्यावरच नजर ठेवली. गाडी जिथे थांबली होती ती जागा आम्ही सरळ ओलांडली. चढाच्या माथ्यावर पोचल्यावर सुनेने जो हॉर्न दाबला तो बागेच्या फाटकापर्यंत सोडलाच नाही.

तोडणीवाल्या बाया फाटकाशी आल्या. एक म्हातारी ओरडली, "आली वं, आली! दोराबिगर आली!" सुनेने गाडी थांबवली नाही. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेने बागेला पुरी एक चक्कर मारली, बाया मागे धावत, कुत्रं पुढे धावत. पडद्यावर त्यानंतरही बॅटरी उरलेली होती. उतरल्यावर तिच्या सासऱ्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "थंडी आहे गा हे तं." मग तिच्याकडे पाहून, "राहू दे. नाही विकत." ती हसली आणि पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने बराच वेळ पदरातच राहिली.

ट्रान्सपोर्टर मोठ्या मनाचा माणूस आहे, हे लिहिलं पाहिजे. तो सगळ्यांसमोर तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मले एक चक्कर मारू देतं का वं, बाई?" चक्कर मारून उतरला तेव्हा त्याचा चेहरा शाळा सुटल्यासारखा झाला होता. "हरलो," तो म्हणाला. "गाडी एक नंबर आहे. म्हणजे त्या दिवशी प्लगच निसटला होता. गाडीची काही चूक नव्हती. सूनबाईच्या हातून राहून गेलं, होते एखाद वेळी."

सगळ्यांनी माना हलवल्या. गाडी निर्दोष सुटली होती आणि दोष पुरता तिच्यावर बसला होता. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात पेढा दिला, आणि मी तो खाल्ला.

आज तिच्याकडे अशा दोन गाड्या आहेत. आजूबाजूच्या बागवाल्यांचा मालही तीच नेते. दुसऱ्या गाडीवर तिने काटोलची एक बाई ड्रायव्हर म्हणून ठेवली आहे. काटोल नाक्यावर तिची गाडी दिसली की ट्रान्सपोर्टर उभा राहून हात करतो, आणि आमच्या टपरीवरचे निकाल आता मी देत नाही, तीच येता-जाता देऊन जाते.

मागच्या बहारात मी ठरवून बागेत गेलो. बसने गेलो, वाटभर शब्द जुळवत. ती अंगणात त्या नव्या बाईला गाडी समजावून सांगत होती. मी खाटेवर टेकलो. "उतारावर न्यूट्रल नाही, पाय काढाचा फक्त," ती म्हणाली. "अन् सकाळी प्लग दोनदा पाहाचा. नुसतं पाहिल्यासारखं नाही, हात लावून पाहाचा. मी एक डाव चुकली होती. मलेही वाटत होतं का पाहिला म्हणून. पण नसन पाहिला."

मग मला म्हणाली, "बसा काकाजी, चहा टाकते."

बाई, तू पाहिला होतास. गाडी पूर्ण भरलेली होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रत्येक उतारावर मी ती न्यूट्रलला सोडली, तू सांगितलं असूनही. आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. चूक माझी होती. मला माफ कर.

यातलं काहीही मी बोललो नाही. चहा प्यायलो, आणि साखर बरोबर झाली आहे म्हणालो.