फ्रीझरची गोधडी

चिक्कडपल्लीतील आमच्या घरात उभा फ्रीझर आला तो माझ्या संमतीने नव्हे. पत्नीने तो स्वतःच्या मिळकतीतून घेतला. पुण्या-मुंबईहून इथे तेलुगू मुलखात नोकरीला आलेली मराठी कुटुंबे सणासुदीला तिच्याकडून पुरण आणि मोदक नेतात. बेगम बाजारातून डाळ आणायची, सवडीने पुरण शिजवायचे आणि डबे भरून गोठवायचे, म्हणजे ऐन सणात धांदल होत नाही, असा तिचा हिशेब होता. तो चूक नव्हता. चूक होते ते विजेचे बिल.

दारावरच्या पट्टीवर वीजबचतीचे तारे होते आणि वर्षाला किती युनिट लागतील याचा आकडाही होता. छापील आकडा हे ग्राहकाला दिलेले वचन असते, असे मी मानतो. प्रत्यक्षात उन्हाळा लागताच आमचा वापर वरच्या स्लॅबमध्ये गेला आणि साऱ्या घराच्या विजेचा दर चढला. एका दुपारी फ्रीझर सोडून सर्व काही बंद करून मी खाली मीटरपाशी खुर्ची टाकून बसलो. आकडा धावतच होता. कॉम्प्रेसरला उसंत नव्हती.

कंपनीला पहिले पत्र मी सौम्य लिहिले. उत्तर आले, "आपले समाधान हेच आमचे ध्येय." मी प्रश्न विचारला होता, ध्येय मागितले नव्हते. दुसऱ्या पत्रात फसवी जाहिरात, सदोष माल आणि ग्राहक आयोग हे तिन्ही शब्द घातले. ते टाकण्यापूर्वी पत्नीला वाचून दाखवले.

"म्हणजे शेवटी मागताय काय?"

"माल परत घ्यावा."

"कुणाचा माल?" पुरणयंत्र फिरवायचे थांबवून ती म्हणाली. "अहो, माझ्या फ्रीझरचं वकीलपत्र तुम्हाला दिलं कुणी? गणपतीच्या ऑर्डरी घेतल्यात मी. तो गेला तर मोदक काय तुमच्या फायलींत ठेवू?"

"तुझी कमाई बिलच खाणार असेल, तर ऑर्डरी कशासाठी?"

यावर ती पुन्हा पुरणयंत्र फिरवू लागली. मी अधिकच चिडलो, कारण ती हरत होती आणि जिंकत मी नव्हतो, कंपनी होती.

तेवढ्यात शेजारच्या बाई आमचा डबा परत द्यायला आल्या. फ्रीझर पाहून त्यांना हसू आवरेना. "क्या चाची, इसकू बुखार आया क्या? रजई ओढा दिए!"

पत्नीचे माहेर मराठवाड्यातले. तिथे लग्नकार्यात बर्फाची लादी भुसा घालून गोणपाटात गुंडाळत. झाकले की गारवा टिकतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी तिने जुन्या इरकली लुगड्यांची गोधडी शिवून फ्रीझरच्या पाठीला आणि दोन्ही बाजूंना घट्ट बांधली होती. मलाही ते शहाणपणाचे वाटले होते.

बाई गेल्यावर मी माहितीपुस्तिका काढली. प्रतिपक्ष कोणत्या कलमाआड लपेल, हे आधी पाहावे. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, ते सापडले: आतली उष्णता बाजूंच्या पत्र्यांतून बाहेर पडते, त्या मोकळ्या ठेवाव्यात, झाकू नयेत. लादीला उष्णता बाहेर टाकायची नसते, यंत्राला असते. मी गोधडीखाली हात घातला. पत्रा चटका बसावा इतका तापला होता.

"सोड ती," मी म्हणालो. तिने गाठी सोडल्या. बऱ्याच वेळाने कॉम्प्रेसर थांबला, आणि उन्हाळ्यात प्रथमच स्वयंपाकघरात शांतता झाली.

पुढचे बिल उतरले. परतीची मागणी मी सोडली, तक्रार नाही. तिसऱ्या पत्रात विचारले, की ज्या सूचनेवर तुमचे तारे खरे ठरतात, ती शेवटच्या पानावर का? दारावर, ताऱ्यांच्या शेजारी, तेलुगू, उर्दू आणि मराठीत का नाही?

ते टाकायला निघालो, तेव्हा गणपती तोंडावर आले होते. पत्नीने माझ्या हाती गार डब्यांची पिशवी दिली.

"पोस्ट दिलसुखनगरलाही आहे. आधी तिथल्या गिऱ्हाइकांना हे मोदक पोचवा, मग भांडा."