प्रणोतीने मागितलेला पगार

इथे हिंदी मुलखातल्या शहरात, दीक्षितपुरा मोहल्ल्यात, आमच्या समोरच्या घरात प्रणोती देशकर आणि तिचे वडील राहतात. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, आई लहानपणीच गेली. प्रणोती एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. अनुपमही तिथेच. दोघांचं जमलेलं दोन्ही घरांना ठाऊक होतं. वर्षभरात लग्न करायचं, असंही ठरल्यासारखंच होतं.

मग लॅबचे डॉक्टर मुलाकडे राहायला गेले आणि लॅब बंद पडली. एका नव्या खासगी हॉस्पिटलात टेक्निशियनची एकच जागा निघाली. दोघांनीही अर्ज केला.

"तुला लागली काय नि मला लागली काय, घर तर एकच होणार आहे," अनुपम म्हणाला.

इंटरव्ह्यूची तयारी आमच्याच व्हरांड्यात झाली. मी मटार सोलत होते. अनुपम इंटरव्ह्यू घेणारा साहेब झाला होता.

"सॅलरी कितनी एक्स्पेक्ट करती हैं आप?"

"जो आप ठीक समझें," प्रणोती हसून म्हणाली.

तो खरंच चिडला. "असं नाही बोलायचं! इतकी वर्षं काम करून राहिली तू. काहून लाजतेस? तीस हजार सांग. त्याच्या खाली उतरू नको."

तिच्याकडून त्याने ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. शेवटी ती न हसता म्हणाली, "तीस हजार."

हॉस्पिटलात आधी तो आत गेला, मग ती. तिथल्या मॅडमनी पगाराचं विचारलं तेव्हा तिने ठरल्याप्रमाणे तीस सांगितले. लहान मुलांची नस सापडत नाही तेव्हा काय करते, मशीन बिघडलं तर कसं सांभाळते, तेही सांगितलं. मॅडमना ती आवडली होती.

"पर देखिए," त्या म्हणाल्या, "अभी जो गए, उनका तजुर्बा भी आपके बराबर है. वो अठारह में तैयार हैं. आप आएँगी अठारह में?"

मला हे तिने नंतर सांगितलं. "मावशी, मी हो म्हटलं असतं तर जागा मला मिळाली असती. पण मग त्याची गेली असती." ती मॅडमना एवढंच म्हणाली, "नहीं मैडम, तीस ही."

बाहेर अनुपम स्कूटरपाशी उभा होता. "तीस सांगितलेस ना?"

"हो. तू?"

"मीपण तीसच."

घरी पोचेपर्यंत ती वाट पाहत होती, आता सांगेल, मग सांगेल. तो रस्त्यातल्या गर्दीबद्दल बोलत राहिला.

नोकरी त्याला लागली. तो खोव्याची जलेबी घेऊन आला तेव्हा मी तिच्याच घरी होते. तिने डबा घेतला नाही. तिने 'अठरा' म्हणताच त्याचा चेहरा पडला.

"तोंडातून निघून गेलं गं. वाटलं, तीस म्हटलं तर हाकलूनच देतील. घाबरलो मी."

"घाबरलास, ते समजते मला. बाहेर आल्यावर काहून नाही सांगितलंस?"

"आपल्यासाठीच केलं," एवढं तो म्हणाला. ती उठून आत गेली नि दार लावून घेतलं.

तिच्या वडिलांनी समजावलं, मीही समजावलं. एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती इतकी रडली, की त्यानंतर मी तो विषय काढलाच नाही. आता ती रोज बसने बाहेरगावी, सिहोऱ्याला जाते. तिथल्या एका दवाखान्यात काम करते. पगार किती ते मी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीला अनुपम माझ्याकडे आला. खुर्चीवर बसलाही नाही. "मावशी, ती भेटेल का मला? विचारून बघा ना."

मी समोर गेले. प्रणोती खिडकीला पडदा लावत होती.

"सांगा, घरी नाही म्हणून," ती म्हणाली. गल्ली अरुंद, त्याला माझ्या दारात ऐकू गेलंच असणार. तो तसाच निघून गेला.

पडदा अर्धवट टाकून ती स्टुलावर बसली. मग तिने विचारलं, "वाळला आहे का हो तो?"