अवेस्तेच्या कोऱ्या जागा

स्वातंत्र्यानंतरची दहाएक वर्षे उलटली असतील. दुर्गाघाटावरच्या रत्नाकरपंत शेवड्यांनी प्राचीन इराणच्या अवेस्ता या धर्मग्रंथातली काही स्तोत्रे मराठी अर्थासह छापायला घेतली. पण काशीतल्या छापखान्यात त्या लिपीचे खिळेच नव्हते. मग मूळ शब्दांच्या जागा कोऱ्या सोडून पुस्तक छापले. त्या जागा प्रत्येक प्रतीत हाताने भरायचे काम पत्नी सुनीतीबाईंच्या गळ्यात पडले, कारण पंतांचे अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

उजवीकडून डावीकडे लिहीत बाई वर्षभर बसल्या. एक शब्द भरून होतो न होतो तोच पंत म्हणत, "अगं, जरा थांब. दुसऱ्या पोथीत पाठ वेगळा आहे." की पुन्हा खरवडा.

"तुमचे इराणी मरून हजारो वर्षं झाली, तरी त्यांचं म्हणणं काय ते अजून ठरेना!" बाई कडाडत.

त्यात लेकीचे दिवस भरत आले. बाई जबलपूरला निघाल्या. पंत स्टेशनवर पोचवायला आले. पिशवी इतकी जड कशी म्हणून डब्यात बसल्यावर बाईंनी पाहिले, तर डिंकाच्या लाडवांखाली छापील कागदांचा गठ्ठा आणि शाईची दौत!

"अहो, मी लेकीच्या बाळंतपणाला चाललेय की छापखान्यात?"

"बाळ झोपेल तेव्हा..." पंत पुटपुटले.

बाईंनी गठ्ठा खिडकीतून त्यांच्या हातात कोंबला. गाडी हलली.

"आणि दौत?"

"ती माझ्याजवळच राहू दे," बाई ओरडल्या. "मी येईपर्यंत एका शब्दाला हात लावाल तर खबरदार!"