हणमंतअण्णांनी पाम मारला नाही

हणमंतराव जाधव, वय एकसष्ट, व्यवसाय माळी. बंगळुरातल्या एचएसआर लेआउट या वसाहतीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या क्लब हाऊसमध्ये, उगादीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, सत्तावीस रहिवाशांच्या देखत त्यांच्यावर झाड मारल्याचा ठपका ठेवण्यात आला. बाजू मांडायला धड दोन मिनिटं मिळाली नाहीत. बारा वाजायच्या आत त्यांचा गेटपास काढून घेतला होता. हे आधीच लिहून टाकते, कारण त्या सत्तावीस जणांत मी होते. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मुलीचा, शैलाचा, फोन आला. "अक्का, अप्पा गेले... चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत..." आणि मला पहिल्यांदा आठवलं ते त्या रविवारचं माझं गप्प बसणं.

आमच्या फाटकापासून क्लब हाऊसपर्यंत रॉयल पामची रांग आहे. आठ झाडं होती, आता सात आहेत. अण्णांनी ती लावली तेव्हा त्यांच्या कमरेला लागत होती म्हणे. त्यांचं घराणं किती पिढ्यांपासून बंगळुरात आहे, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठी, पण कानडीत मुरलेली. माझी आई निपाणीची, ती त्यांच्याशी दोन शब्द बोलून आली की दिवसभर खूश असायची, "आपल्यासारखंच बोलतात की गं!" माझी त्यांच्याशी पहिली भेट मात्र ओरडा खाऊन झाली. फोनवर बोलत मी लॉनवरून चालले होते. "अक्का, स्वल्प बाजूला! तिथं पाय नको." तिथं म्हणजे पामच्या बुंध्याशी. प्रत्येक झाडाभोवती त्यांनी तांबड्या मातीचं एक उघडं कडं राखलेलं असायचं. त्यात गवताची काडी नाही, पाचोळ्याचं पान नाही. हिरव्यागार लॉनला मधेमधे टक्कल पडल्यासारखं दिसतंय, असं मी म्हटलं. अण्णा उठलेसुद्धा नाहीत. "तुझ्या गळ्याला कुणी दिवसभर ओला टॉवेल गुंडाळून ठेवला, तर तुला बरं वाटेल काय?" मग खुरपं बाजूला ठेवून म्हणाले, "आंब्याला कोयता लागला तर साल हळूहळू भरून येते. पामला तशी साल नाही. एकदा लागलं की मरेपर्यंत उघडंच. आणि गवत बुंध्यापर्यंत आलं की मशीन पण बुंध्यापर्यंत येतं." एवढंच. मला वाटलं, म्हातारबाबांची एक समजूत असेल.

गेल्या वर्षी बागेचं कंत्राट बदललं. नवीन लोकांनी गुंडाळी करून आणलेलं तयार गवत थेट बुंध्याला भिडवून अंथरलं, कारण फोटोत तसं छान दिसतं. ते कापायला नायलॉनच्या दोरीचं ट्रिमर आलं. अण्णांना ठेवलं, पण नव्या सुपरवायझरच्या हाताखाली. आणि त्याच सुमारास मी माझा पराक्रम गाजवला. लेआउटमध्ये सकाळ-सकाळी पाचोळा जाळायचे. त्या धुराविरुद्ध मी वर्षभर भांडत होते, आजही भांडते. तेव्हा एक पत्रक काढलं: पाचोळा जाळू नका, झाडाच्या पायाशी घाला. कानडी, इंग्रजी आणि हिंदी. मधोमध चित्र. चित्र माझंच. मला वड काढता येत नाही, आंबा काढता येत नाही. पाम येतो... एक उभी रेघ, वर पाच फटकारे. त्या रेघेला बिलगून मी पाचोळ्याचा भलामोठा ढीग काढला. असोसिएशनला ते इतकं आवडलं, की त्यांनी लॅमिनेट करून जागोजागी लावलं. साफसफाईच्या बायकांनी अक्षरं वाचली नसतील, चित्र बरोबर वाचलं. आठवड्याभरात आठही पाम गुडघ्यापर्यंत पाचोळ्यात उभे होते.

अण्णा एक पत्रक भिंतीवरून काढून माझ्या दारात घेऊन आले.

"हे तू काढलंस?"

"हो अण्णा. बरं झालंय ना?"

"चित्र बरं आहे. झाड मरेल."

आत या म्हटलं, आले नाहीत. दारातच सांगत राहिले, की पाचोळा वाईट नाही, लांब पसरला तर सोन्यासारखा. पण बुंध्याला टेकवू नको. आत ओल साठते, आणि मशीननं खाल्लेल्या जागेतून ती आत शिरते. "ढीग स्वल्प मागं सरकव चित्रात. एवढंच बदल." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अण्णा, छापून झालीत सगळी. पुढच्या वेळी बघू." वर हेही म्हणाले, की तुमच्या जुन्या पद्धती आता बदलायला हव्यात. ज्या माणसानं ती झाडं वाढवली, त्याला मी, शहरातल्या हवेची कैवारी, हे शिकवलं! ते हसले. "सरी अक्का, बरं. बघ तू पुढच्या वेळी," म्हणाले आणि जिना उतरले.

मग ते रोज सकाळी आठ झाडांचा पाचोळा हातानं मागे सारायचे, आणि दुपारपर्यंत तो चित्राबरहुकूम परत बुंध्याशी यायचा. तिसऱ्या पामची खालची पानं लोंबायला लागली होती. अण्णांनी तिथलं गवत उचकटलं, माती बाजूला केली, खुरप्याच्या मुठीनं बुंधा ठोकून पाहिला. आवाज बद्द, पोकळ येत होता. सुपरवायझरला सांगितलं, असोसिएशनच्या सेक्रेटरींना सांगितलं. मलाही सांगितलं, सभेच्या आठ दिवस आधी. "तिसरा आतून गेलाय. बाकीच्यांचे गळे तरी सोडवा."

सभेत, सुकत चाललेल्या तिसऱ्या पामचा विषय काढून, सेक्रेटरींनी टीव्हीवर सीसीटीव्हीचा तुकडा लावला. आवाज नाही. उकिडवे बसलेले अण्णा तिसऱ्या पामच्या बुंध्याशी खुरप्यानं उकरताहेत, मान वर करून इकडंतिकडं बघताहेत, पुन्हा उकरताहेत. असा तुकडा पाहिला, की कुणीही चोरच म्हणेल.

"काय करताय हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बुंधा मोकळा करतोय, सार."

"मुळं तोडताय तुम्ही!"

"मुळाला हात नाही लावला, सार. गवत आणि पाचोळा..."

"खजिना शोधत असतील," मागून कुणीतरी बोललं, आणि लोक हसले.

टीव्हीच्या शेजारच्या भिंतीवर माझं पत्रक होतं. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोट दाखवून ते म्हणू शकले असते, की या पोरीला विचारा, हिचं चित्र आहे. म्हणाले नाहीत. थांबले. मी उठेन म्हणून थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. चौकात, पोलिसांसमोर, कॉर्पोरेशनच्या दारात मी घसा फोडून बोलते. त्या दिवशी मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, आणि बंद केलं. पुन्हा उघडलं... तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "पास ठेवा इथं," आणि अण्णांनी गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला.

तो व्हिडिओ दुपारीच लेआउटभर फिरला. खाली ओळ: या माळ्यापासून सावध राहा. अण्णा आणखी दोन इमारतींत काम करायचे. तिथंही त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

पावसाळ्यात परवानगी काढून तिसरा पाम कापला. मी खाली जाऊन उभी राहिले. वरचं खोड पांढरंस्वच्छ, घट्ट. खालचे चार फूट तपकिरी, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. पाचोळ्याचा ढीग उपसला तर बुंध्याला ट्रिमरच्या दोरीचे चरे, आणि त्यांच्यालगत फळीसारखी बाहेर आलेली एक टणक, चकचकीत अळंबी. कापणाऱ्या माणसानंही सांगितलं, हे मूळ तोडून होत नाही, ही बुरशी आहे. ती नेमकी कुठून आली, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण जखम मशीनची होती, ओल माझ्या चित्राची होती, आणि दोन्ही दूर ठेवणारा एकच माणूस होता. त्याला आम्ही घालवलं होतं.

फोटो घेऊन मी यशवंतपूरला त्यांच्या घरी गेले. वाटलं होतं, आता तरी मला बोलतील, शिव्या देतील. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला. "ही आली की औषध नाही. त्या खड्ड्यात परत पाम लावू देऊ नको. आणि चौथ्याचं बघ, त्याच्या बुंध्याशी काय आहे ते आधी बघ." मी माफी मागायला लागले, तर म्हणाले, "रडू नको गं. तुझं चित्र फक्त खोटं होतं. तू खोटी नाहीस." शैला स्वयंपाकघरातून फणकारली, "अप्पा, तुम्ही सगळ्यांना असंच सोडून देता!" त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मला नोकरी नको तुमची. एक कागद द्या म्हणावं. हणमंतानं झाड मारलं नाही, एवढाच. आयुष्यभर झाडं जगवली मी, अक्का... आणि लोक मला बघून फाटक लावतात."

या वेळी मी बोलले. लेखी बोलले, फोटोसकट, माझ्या पत्रकाची चूक माझ्या सहीनं कबूल करून. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या मीटिंगला घेऊ. पुढच्या मीटिंगला म्हणाले, झालं गेलं उकरून काय मिळणार? तिसऱ्या मीटिंगला विषयच वगळला. चौथ्या मीटिंगच्या आधी अण्णा गेले. कागद निघालेला नाही. आज, हे लिहीपर्यंत, निघालेला नाही.

शैला सांगत होती, शेवटचे काही महिने ते संध्याकाळी फिरायला जायचे आणि वाटेतल्या पामपाशी थांबायचे. कुणाच्याही फाटकाबाहेरचा असो. इकडंतिकडं बघायचे, कुणी हटकत तर नाही ना, आणि पायानंच पाचोळा मागे सारून पुढं निघायचे. हातात खुरपं घ्यायला घाबरायचे. इतकं घाबरवलं आपण त्यांना.

तो व्हिडिओ अजून फिरतोय. तुमच्या इमारतीच्या ग्रुपवरही आला असेल, शोधा, सापडेल. पुसू नका. आधी खाली उतरा. तुमच्या आवारातल्या पहिल्या पामपाशी उकिडवे बसा, बुंध्याला भिडलेलं गवत हातानं उपटा, पाचोळा हातभर मागे सारा, दहाही बोटं मातीत भरू द्या. कुणी बघत असेल तर बघू द्या. मग वर येऊन त्या व्हिडिओखाली, आपल्या नावानं, लिहा: हा माणूस जे करतोय, तेच मी आज केलं.