वारजे ते विश्रांतवाडी, डबलसीट

निवृत्त झाले की लोक काश्मीरला जातात. आम्ही विश्रांतवाडीला गेलो. काश्मीरला घरचे हसत पाठवतात, वर स्वेटर देतात. विश्रांतवाडीला स्कूटरवरून जाणार म्हटल्यावर मात्र घरात बैठक भरली.

"बाबा, वय बघा तुमचं," निखिल म्हणाला. निखिल आमचा मुलगा. "स्कूटर विकू या. रविवारी एक जण बघायला येतोय. रिक्षा आहेत, कॅब आहेत."

"आणि मला काय वाटतं ते?"

"ते आईला विचारू."

आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात. सुमन गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "शनिवारी विश्रांतवाडीला सदाभाऊंकडे जायचंच आहे. यांच्या मागे बसून जाते. नीट नेलं तर राहू दे स्कूटर. नाहीतर विकून टाक."

म्हणजे एका माणसाची समिती, आणि ती माझ्याच मागच्या सीटवर.

सकाळी लवकर निघालो. मी हेल्मेट घातलं. पुण्यात हेल्मेट घालणारा माणूस परगावचा असतो किंवा निवृत्त. सुमनने दोघांचे फोन आणि माझं पाकीट पर्समध्ये टाकलं. पेट्रोलपुरते पैसे तेवढे मी खिशात ठेवले. कर्वे रस्त्याने जाणार असाल तर शाळांच्या बस सुटायच्या आत नळ स्टॉप ओलांडा. विद्यापीठ चौकात त्या दिवशी काय बांधताहेत आणि काय पाडताहेत, हे तिथे पोचल्यावरच कळतं. मी सिग्नलला थांबत होतो. मागून हॉर्न वाजत होते. लाल दिव्याला थांबलेला म्हातारा हा आता वाहतुकीला अडथळा समजला जातो.

खडकीत शिरलो तेव्हा उन्हं नुकती तापू लागली होती. इथे मी नोकरीची सगळी वर्षं काढली. सदाभाऊ माझ्याच टेबलासमोर बसायचा. एकाच दिवशी दोघांना नारळ मिळाले. बाजारातल्या जुन्या मिसळवाल्याकडून रश्श्याचा वास आला.

"थांबू या का?" सुमनने खांद्यावरून विचारलं.

"पित्त होतं."

"तुम्हाला होतं."

मी थांबलो नाही. बाजार संपल्यावर पंप लागतो, तिथे पेट्रोल भरायला थांबलो. आमच्या स्कूटरची टाकी सीटखाली आहे. पंप आला की मागच्याने उतरायचं, पुढे हवेच्या पाइपापाशी जाऊन उभं राहायचं आणि गाडी येईपर्यंत पर्स सांभाळायची, अशी आमची लग्नापासूनची पद्धत. सुमन उतरली, पुढे गेली. मी पेट्रोल भरलं, सीट खाली केली, किल्ली शोधली. ती गाडीलाच होती. मागून एक तरुण ओरडला, "आजोबा, चला की! झोपलात का?"

आजोबा. मला अजून नातवंड नाही. मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि त्या मुलाला कळेल अशा वेगाने पंपाबाहेर पडलो.

पुढचा प्रवास फार सुखाचा झाला. होळकर पुलावर वारा होता. "आता तरी पटलं ना?" मी विचारलं. सुमन काही बोलली नाही, म्हणजे पटलं. आळंदी रस्त्याला लागल्यावर एका खड्ड्याला मी फार सुरेख बगल दिली आणि तिचं लक्ष त्याकडे वेधलं. निखिलला दहावीत गणितात किती होते याचीही आठवण करून दिली. इतक्या वर्षांत तिने माझं एवढं शांतपणे कधी ऐकून घेतलं नव्हतं. पेट्रोल भरल्यावर गाडी हलकी चालते, असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी फारच हलकी चालत होती.

सदाभाऊ फाटकात उभा होता.

"ये रे. वहिनी कुठायत?"

"मागे आहे."

त्याने माझ्या मागे पाहिलं. मग रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं.

"किती मागे?"

मी वळून पाहिलं. सीटवर ऊन पडलं होतं.

माझा फोन तिच्याकडे. तिचा नंबर मला पाठ नाही. सदाभाऊ अशा प्रसंगी धीर देणाऱ्यांपैकी नव्हे. "बायको विसरलास?" तो म्हणाला. "मी छत्री विसरलो तरी मुलगा डॉक्टरकडे नेतो मला." तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. त्याने स्पीकर लावला.

"भावोजी, आमचे हे पोचले का?"

"पोचले. तुम्ही कुठे?"

"मिसळ खातेय. त्यांना सांगा, सावकाश या. अजून ताक यायचंय."

मी परत खडकी गाठली. तो अख्खा रस्ता मी गप्प होतो. आणि वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही. सुमन पंख्याखाली बसली होती, नाक लाल, दुसरा पाव हातात.

"हाक का नाही मारलीस?"

"मारणार होते. पण तुम्ही मान तिरकी करून माझ्याशी बोलत निघाला होतात. म्हटलं, चाललंय छान, मध्ये कशाला बोला."

मी समोर बसलो. समितीचा निकाल काय लागणार ते उघड होतं. ती पाव बुडवत राहिली. मग तिने बशी माझ्याकडे सरकवली. मी मिसळ खाल्ली. पित्त झालं. तरीही खडकीला गेलात तर मिसळ चुकवू नका, फक्त तर्री वेगळी मागा.

सदाभाऊकडे जेवलो, चार वाजता निघून उन्हं उतरायच्या आत घरी आलो. निखिलचा फोन आला.

"कशी चालवतात बाबा?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. "छान चालवतात," ती म्हणाली. "खडकीच्या पुढे तर मला एकही खड्डा जाणवला नाही."

रविवारी आलेला माणूस चहा पिऊन गेला.

आता नियम झाला आहे. मागे नीट बसली की ती माझ्या पाठीवर दोन थापा मारते, कंडक्टर दोनदा घंटी देतो तशा. त्याआधी गाडी हलवायची नाही. काल दूध आणायला एकटाच खाली उतरलो. गाडी सुरू केली आणि तसाच बसून राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही.

वरून, गॅलरीतून, आवाज आला.

"अहो, जा!"