वाल्टरच्या वळणावर पांढरी ओढणी

आधी एक दुरुस्ती. गेल्या वर्षी याच ब्लॉगवर स्पीडवेच्या मोटरसायकल शर्यतीबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं, की शर्यत संपल्यावर फाटकापाशी घमेलं ठेवून प्रत्येकाला बूट झटकायला लावणारा म्हातारा तिथला झाडूवाला होता. तो झाडूवाला नव्हता. तो वाल्टर. तरुणपणी त्या मैदानावरचा सगळ्यात वेगवान स्वार आणि नंतर कित्येक वर्षं तिथल्या संघाचा मॅनेजर. ट्रॅकची माती ट्रॅकवरच राहिली पाहिजे, हा त्याचा नियम होता, म्हणून ते घमेलं.

चूक दाखवून दिली ती नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका वाचकांनी. त्यांनी लिहिलं, "ताई, झाडूवाला काय म्हणताय, मॅनेजर होते ते! आणि वाईट वाटतं सांगायला, पण उन्हाळ्यात ते गेले. सप्टेंबरात एका शनिवारी चाहते त्यांना मैदानावरच निरोप देणार आहेत."

मी वाल्टरशी एकदाच बोलले होते. "एकटीच आलीस?" त्याने विचारलं होतं. मी हो म्हटल्यावर म्हणाला, "मग वळणावर उभी राहा. तिथे कोणी एकटं नसतं." डार्मश्टाटला पीएचडीचं माझं हे तिसरं वर्ष. सोबत आलेल्या मैत्रिणी नोकऱ्या लागून पांगल्या. शनिवारी सुपरमार्केटच्या काउंटरवर 'शोनेस वोखनएंडे', म्हणजे 'शनिवार-रविवार छान जावो' म्हटलं, की माझ्या तोंडून पुढचा शब्द निघतो तो सोमवारी लॅबमध्ये. त्यामुळे वाल्टरचं ते वाक्य लक्षात राहिलं होतं. मी जायचं ठरवलं.

कुणाला जायचं असेल तर सांगते. डार्मश्टाट, मानहाइम, नॉयश्टाट, लांडाउ असा सगळा प्रवास साध्या गाड्यांनी, डॉइचलांडटिकेटवर, म्हणजे देशभर चालणाऱ्या महिन्याच्या पासावर होतो. मानहाइमला गाडी बदलायला वेळ कमी मिळतो, तेव्हा पुढच्या डब्यात बसा. लांडाउहून पुढे द्राक्षमळ्यांतल्या त्या गावाला रुफबुस जाते, म्हणजे फोन करून बोलावल्याशिवाय न येणारी बस. मला फोनवर जर्मन बोलायचा धीर होत नाही. काय बोलायचं ते आधी मोठ्याने म्हणून पाहिलं. पलीकडच्या बाई त्या भागाच्या, फाल्त्सच्या बोलीत काहीतरी भराभर बोलल्या, मी तीनदा 'या, गेनाऊ', म्हणजे 'हो, बरोबर' म्हटलं, आणि बस खरंच आली. त्या अख्ख्या बसमध्ये मी एकटी. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेली द्राक्षं होती आणि त्यांच्याबद्दल बोलायला शेजारी कोणी नव्हतं.

मुक्काम गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाली खानावळ आणि वर राहायच्या खोल्या. पैसे रोखच न्या, कार्ड चालत नाही. शाकाहाऱ्यांनी कांद्याच्या केकपासून जपून राहावं, त्यात बेकन असतं. त्याऐवजी बटाट्याचं सूप मागा. सोबत प्लमचा गोड केक देतात आणि दोन्ही एकत्रच खायचं असतं. मला वाटलं मालकिणीची चूक झाली, म्हणून मी केक बाजूला ठेवला, तर ती स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "दोन्ही! एकदम!" खरंच छान लागतं.

शनिवारी दुपारी मैदानावर गेले ती पांढरा कुर्ता आणि पांढरी ओढणी घालून. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नव्हते. आई-बाबांनीच घरी शिकवलं. पाढे, शुद्धलेखन, आणि कुणाकडे कसं वागायचं हेसुद्धा. माणूस गेलेल्या घरी रंगीत कपडे घालायचे नाहीत, हे तेव्हाचंच. फाटकातून आत शिरले आणि थबकले. सगळे लालभडक! टोप्या, मफलर, एका आजोबांचे तर मोजेसुद्धा. स्पीडवेत यजमान संघाची हेल्मेटं लाल आणि निळी असतात, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. वाल्टर कायम लाल हेल्मेट घालायचा.

लाल टोपीतला एक जाडा माणूस मला नखशिखांत पाहत म्हणाला, "काय हे! आज तरी पाहुण्यांच्या बाजूने येऊ नये!"

आजूबाजूचे हसले. माझे कान तापले. तेवढ्यात मागून आवाज आला, "तू गप्प बस. वाल्टर असता तर म्हणाला असता, चला, पाहुण्यांकडूनही कोणीतरी आलं." ती हेल्गा, वाल्टरची बायको. सत्तरी ओलांडलेली, आखूड पांढरे केस, हातात दोन घडीच्या खुर्च्या. मी शोक कळवला आणि ओढणीचं कारण सांगितलं. तिने ओढणीचं टोक बोटांत धरून पाहिलं. "म्हणजे हे वाल्टरसाठी?" मी मान हलवली. दुसऱ्या वळणावर तिने कुंपणालगत दोन्ही खुर्च्या उघडल्या. "ही त्याची. बस. रिकामी मला बघवत नाही."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: लंबगोल मातीचा ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या. मोटरसायकलला ब्रेक नसतो. वळणावर मागचं चाक घसरवतच वळायचं, आणि त्या चाकाखालची माती उडून थेट प्रेक्षकांवर येते. त्या दिवशी पहिल्या शर्यतीला तीनच स्वार उभे राहिले. आतली, लाल हेल्मेटची जागा मोकळी ठेवली होती. भोंग्यावरून कोणी भाषण केलं नाही. तिघे चारही फेऱ्या संथ गतीने, आतली बाजू मोकळी सोडून फिरले. आमच्या वळणावर आले की हेल्गा त्या मोकळ्या जागेकडे बघायची. चौथ्या फेरीला तिघांनी एकदम वेग घेतला. माती उडाली, हेल्गाच्या चष्म्यावर, माझ्या ओढणीवर. "हा, आता बरं वाटलं!" ती म्हणाली आणि चष्मा न पुसता तशीच बसून राहिली.

शेवटी फाटकापाशी तेच घमेलं होतं. हसून-खिदळून झालं, आता सगळे मुकाट्याने बूट झटकत होते. त्या जाड्या माणसाने घमेलं उचललं आणि माती दुसऱ्या वळणावर नेऊन ओतली.

हेल्गा मला कॉफीला घरी घेऊन गेली. स्वयंपाकघरात फळीवर वाल्टरचं लाल हेल्मेट उलटं ठेवलेलं, आत कपड्यांचे चिमटे. "तो होता तेव्हापासून चिमटेच आहेत त्यात. भयंकर चिडायचा." निघताना दारात म्हणाली, "तीन ऑक्टोबरला मोसमातली शेवटची शर्यत आहे. एकटी मी जाणार नाही. तू येशील?"

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी भेटायला गेलं की निघताना 'येते' म्हणत नाहीत. निरोप न घेता, मागे न बघता निघायचं. लहानपणापासून हे इतकं पक्कं बसलंय, की 'हो, येते' अगदी ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. हात जोडले आणि निघाले. मागे दार लागल्याचा आवाज किती तरी वेळ आला नाही.

सकाळी न्याहारीला गास्टहाउसची मालकीण म्हणाली, "हेल्गाचा फोन आला होता. विचारत होती, पोरीला माझं काही लागलं का?"

मी रीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. जर्मनमध्ये ती फारच विचित्र वाटत होती.

"आल्झो, म्हणजे रागावली नाहीस?"

"नाही, नाही!"

"मग येणार आहेस?"

पुन्हा तोच प्रश्न. बाहेर रुफबुस उभी होती. मी एवढंच म्हणाले, "तिला सांगा, मी मुळीच रागावले नाही. उत्तर मी स्वतः देईन." लांडाउपर्यंत मला द्राक्षमळे दिसलेच नाहीत.

खोलीवर येऊन आईला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, तुला रीत शिकवली, ती कशासाठी ते सांगायचं राहिलंच बघ. त्या घरी पुन्हा असल्या कारणाने जायची वेळ येऊ नये, म्हणून 'येते' म्हणत नाहीत. त्या बाईंनी कशाला बोलावलंय तुला?"

"शर्यतीला."

"मग? शर्यतीला 'येते' म्हणायला कसली भीती? त्या माउलीला दारात तशीच उभी ठेवून आलीस?"

फोन ठेवल्यावर खोली नेहमीपेक्षा जास्तच शांत वाटली. खुर्चीवर ओढणी पडली आहे, तिच्यावर लालसर मातीचे शिंतोडे. बूट मी नीट झटकले होते, पण ओढणी झटकायची राहिली. म्हणजे वाल्टरचा नियम मोडून थोडी माती मी डार्मश्टाटला घेऊन आले. ओढणी धुवायची नाही, तिथल्या घमेल्यातच झटकायची. तीन ऑक्टोबरला जर्मनीत राष्ट्रीय सुट्टी असते आणि सुट्टीच्या दिवसाची रुफबुस आदल्या दिवशीच सांगावी लागते, तो फोन मी दोन तारखेला करीन. शर्यत दुपारी आहे, पण मी सकाळीच हेल्गाच्या दारात उभी राहणार आहे, आणि संध्याकाळी निघताना तिला मोठ्याने 'येते' म्हणणार आहे. शनिवारी, तीन ऑक्टोबरला.