हे घर नव्हं, मागं फिरा

संध्याकाळनंतर तुमच्या दाराची कडी कुणी परका माणूस वाजवत नाही, याचं श्रेय तुम्ही कुणाला देता? पोलिसांना, की स्वतःच्या सभ्यपणाला?

लातूरच्या आमच्या गल्लीत ते श्रेय एका बाईचं होतं. आमची गल्ली संपे तिथं 'ती' वस्ती सुरू होई. दिवेलागणीला ही बाई तेलाचा रिकामा डबा पालथा घालून मधल्या कोपऱ्यावर बसे. पिऊन आलेलं एखादं गिऱ्हाईक चुकून आमच्या ओट्याकडे वळलं, की तोंडातलं पान गालात सारून म्हणे, "हे घर नव्हं, मागं फिरा." आवाज चढवत नसे. माणूस फिरे.

आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, पण उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं नाही. संक्रांतीला आई तिचा तिळगूळ डब्यावर ठेवून यायची, हातावर नाही. मावशी तो कपाळाला लावून तोंडात टाकायची. "गोड हाय, वैनी. बोलायचं बघू पुढल्या साली."

भूकंप झाला तेव्हा आमची घरं उभी राहिली, पण दगडमातीच्या भिंतींखाली झोपायचं धाडस कुणाला होईना. वस्तीतल्या खोल्या पत्र्याच्या. मोठी माणसं रस्त्यावर निजली आणि आम्हा पोरांना मावशीच्या खोलीत ठेवलं. धंदा बंद करून ती दारात बसून राहिली. हादरे थांबल्यावर आम्ही घरी आलो. आईनं आमच्या गोधड्या उकळत्या पाण्यातून काढल्या.

मग शिकवण्या आल्या. कंधारपासून, माहूरपासून मुली डॉक्टर व्हायला येऊ लागल्या. घराघरांनी वर खोल्या चढवल्या. पण शेजारची वस्ती कळली की मुलींचे आईबाप जागा बघून परत जात. शेवटी मारुतीच्या पारावर बैठक बसली. विषय एकच, वस्ती उठवायची.

मी तेव्हा पत्रकं काढायचे. पुनर्वसनाची मागणी छापली आणि मावशीला वाचून दाखवली. ती थकल्यासारखी हसली. "पुनर्वसन भूकंपवाल्यांचं असतंय, बाई. आमचं कुठं काय पडलंय? तुम्हीच पाडायलात."

बैठकीला ती स्वतः आली. पाराखाली उभी राहून तिनं एवढंच मागितलं की धंदा सोडते, खोली तेवढी राहू द्या. "पोरी आल्यात. आता तर कोपऱ्यावर कुणी बसायलाच पायजे."

एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "बाई, तुम्ही दिसता हीच तर अडचण आहे."

तिनं पदर नीट केला. "दिसते म्हणून तर ते फिरतेत, गुरुजी."

हात वर गेले. त्यात माझ्या वडिलांचाही होता.

वस्ती उठली. मावशी नांदेडला गेली म्हणतात. मी जाऊन शोधलं, सापडली नाही. खेड्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकांना मात्र वस्ती उठल्याचं कुणी कळवलेलं नाही. ते येतात, कोपऱ्यावर घुटमळतात आणि जिथं दिवा दिसेल त्या दाराची कडी वाजवतात. वरच्या खोल्यांत मुलींचं पाठांतर थांबतं. गुरुजींनी दारावर 'येथे सभ्य कुटुंब राहते' अशी पाटी लावली आहे. प्यालेला माणूस पाटी वाचत नाही.

तुमच्याही गावात अशी बैठक बसेल. तेव्हा कोपऱ्यावरच्या बाईला बोलवा, पारावर आपल्या शेजारी बसवा, आणि उद्या दिवेलागणीला तिच्या जागी कोण बसणार ते सगळ्यांदेखत विचारा. उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवा.